सात नंबरचा निरोप समारंभ

माल्ट नावाचं पेय काळं असतं, फेसाळ असतं आणि बिअरसारख्याच बाटलीत मिळतं. पण त्यात दारूचा थेंब नसतो, म्हणून चर्चला चालतं. दारूची उणीव साखरेने भरून काढलेली असते.

*

कापड निळं. त्यावर पिवळी वेलबुट्टी, आणि वेलबुट्टीच्या मधोमध गोल चौकटीत एका तेलविहिरीच्या तोंडाचं चित्र. चित्राखाली छापलेलं: ‘निरोप, सात नंबर. तुझ्या आत्म्याला शांती लाभो.’ त्याखाली शनिवारची तारीख.

*

तेमाकिरी गावात घराणी तीन: बेरेमा, ओवुकोरी, इलामा. या बेटावर होडीतून आधी कोण उतरलं, याबद्दल गावात दुमत नाही. फक्त ते मोठ्याने बोलायचं नसतं.

*

रेघ. डावीकडून उजवीकडे. कागदाच्या तळाशी. आडवी.

*

इबिफुरोची आई चूल घराच्या पुढच्या बाजूला मांडते. मागे खाडी आहे, सावली आहे, वारा आहे. पण मागे ती काडी ओढत नाही.

*

दारावरच्या पाटीवर आधी नुसतं ‘इंजिनिअर न्येचे’ होतं. मग मधे ‘डॉक्टर’ आलं. कुठून आलं हे कोणी विचारलं नाही. पाटी मोठी करावी लागली, दार मात्र तेवढंच राहिलं. त्यामुळे नावातला शेवटचा ‘चे’ चौकटीवर गेला होता आणि दार उघडलं की साहेब अर्धवट होत.

*

मंगळवारी सकाळी रेघ झोपली ती उठेचना.

इबिफुरो ओरुबो ही नायजेरियातल्या पोर्ट हारकोर्टमधल्या एका सिमेंट प्रयोगशाळेची प्रमुख. तेलविहिरीत ओतायचं सिमेंट आधी तिच्याकडे येई. पोत्यातून काढलेलं सिमेंट, त्यात घालायची औषधं (गोठायला उशीर लावणारं, घाई करणारं), आणि जिथे काम आहे तिथलंच पाणी. पाण्याचा हा हट्ट तिचा होता. एरवी माणसं भांडतात ती सिमेंटच्या दर्जावरून. ते कालवायचं ज्या पाण्यात, त्याचा विचार कोणाच्या मनात येत नाही.

कालवलेला राबडा एका पोलादी भांड्यात भरायचा. विहिरीच्या पोटात जेवढी उष्णता आणि जेवढा दाब, तेवढा त्या भांड्याला द्यायचा आणि आतलं पातं चालू करायचं. राबडा पातळ असतो तोवर पात्याला जोर पडत नाही आणि कागदावरची रेघ तळाशी लोळत असते. तो घट्ट होऊ लागला की रेघ अंग झाडून उठते. फार लवकर उठली तर सिमेंट वाटेत नळीतच अडकणार. उठलीच नाही तर विहिरीत सिमेंट नव्हे, चिखल जाणार.

विहीर होती सात नंबरची, तेमाकिरीच्या मागची. ती बंद पडून वर्षं लोटली होती, पण ती मेली नव्हती. तिच्या कडेकडेने वायू वर चढे आणि खाडीत बुडबुडे फुटत. त्या बुडबुड्यांनी इबिफुरोचे वडील नेले होते. गावाने विनंत्या करून पाहिल्या, रस्ते अडवून पाहिले आणि शेवटी तेल कंपनीची एक बोट दोरखंडाने नारळाला बांधून ठेवली. तेव्हा कुठे विहीर बुजवायचं कबूल झालं. बुजवणार एकदाच. मग कागदोपत्री सात नंबर मेली, आणि मेलेल्याकडे पुन्हा कोणी डॉक्टर पाठवत नाही.

म्हणून इबिफुरोने ही चाचणी कोणावर सोपवली नव्हती. स्वतः तोललं, स्वतः कालवलं, आणि आता स्वतःच त्या आडव्या रेघेकडे बघत उभी होती.

“मॅडम,” लेबारी म्हणाला. हा तिचा सहायक. ओगोनी जमातीचा माणूस, तिच्याच वयाचा, हात कामात आणि तोंड थट्टेत. “हे भांडं आपण माझ्या सासूबाईंना पाठवू या. त्यांच्या हातचं सूपही असंच. दिवसभर ढवळलं तरी दाटायचं नाव नाही.”

“उशिराचं औषध जास्त पडलं का आपल्याकडून?”

“तुम्हीच तोललंत. माझ्यावर ढकलायची सोय नाही म्हणून वाईट वाटतंय का?”

त्यांनी औषध निम्मं केलं. रेघ झोपलेली. औषध घातलंच नाही. रेघ झोपलेली. मशीन उघडून पुसलं, पातं बदललं, मधेच वीज गेली, जनरेटर खोकत खोकत चालू झाला, पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. रेघेने कूस बदलली नाही. शेवटी इबिफुरोने तेमाकिरीच्या बार्जवरून, म्हणजे कामाच्या सपाट तराफ्यावरून, आलेलं पाणी बाजूला ठेवलं आणि प्रयोगशाळेतलं गाळलेलं पाणी घेतलं. दुपारची भाजलेली केळी आणि मासा खाऊन होतो न होतो तोच रेघ उठली आणि सरळ भिंतीसारखी वर गेली.

“म्हणजे पाणी,” ती म्हणाली.

“पाणीच,” लेबारी बोटं चाटत म्हणाला. “मासा चांगला होता.”

*

फोन. पलीकडे खाडीतल्या बार्जवरचा सुपरवायझर, डागोगो.

“टाकीतलं पाणी कुठून घेतलंत?”

“टाकीतून.”

“टाकीत कुठून आलं?”

“मॅडम, देवाने दिलं.”

“डागोगो, मी तुझ्या आईला ओळखते.”

“बोअरचं आहे. चांगलं आहे. आम्ही त्यानेच दात घासतो.”

“त्यात काही पडलंय?”

“काय पडणार? झाकण असतं.”

“झाकण कधी उघडलं होतं?”

“उघडलं होतं ना, रविवारी. कार्यक्रमाला.”

“कसला कार्यक्रम?”

“मॅडम, आवाज येत नाहीये.”

आवाज छान येत होता. मागे आरवलेला कोंबडासुद्धा स्पष्ट ऐकू आला.

*

“ओगा, त्यांच्या पाण्यात सिमेंट गोठत नाही. आपल्या पाण्यात गोठतं.”

“म्हणजे गोठतं,” तिचे ओगा, म्हणजे साहेब, इंजिनिअर डॉक्टर न्येचे म्हणाले.

“आपल्या पाण्यात.”

“मॅडम इबिफुरो, अहवालात आपण काय लिहितो? ‘पाणी’. कोणाचं पाणी, असा रकाना आहे का?”

“आहे.”

“तो अरुंद आहे,” न्येचे म्हणाले. “त्यात ‘ठीक’ एवढंच मावतं.”

न्येचे वाईट मनाचे नव्हते. चाचणीला त्यांचा विरोधही नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच की चाचणी ही पाहुण्यासारखी असावी: बोलावल्यावर यावं, चांगलं बोलावं, वेळेवर निघावं. आणि शनिवार हलणं शक्य नव्हतं. मयताला अख्ख्या गावाने एकसारखं नेसायचं कापड छापून झालं होतं. अख्ख्या तेमाकिरीचे, कंपनीच्या बायकांचे आणि सरकारी तेल खात्यातल्या मोठ्या साहेबांच्या दोन्ही मेव्हण्यांचे कपडे शिवून झाले होते. पाहुण्यांना द्यायच्या प्लास्टिकच्या घमेल्यांवर सात नंबरचा फोटो आणि तारीख चिकटवून झाली होती. मंडप, बँड, बकरे ठरले होते. या मुलखात माणूससुद्धा कापड छापून झाल्यावर पुन्हा उठून बसला, तर त्याला लोक कार्यक्रम होईस्तोवर आडवं राहायची विनंती करतील. विहिरीची काय कथा!

“एक आठवडा पुढे ढकलता येईल,” इबिफुरो म्हणाली.

न्येचेंनी तिच्याकडे काळजीने बघितलं. “तुम्हाला बरं वाटत नाहीये का?”

*

बुधवारी सकाळी लेबारीने हाक मारली. “मॅडम, तुमच्या पाण्याकडे पाहुणे आलेत.”

बार्जवरच्या पाण्याची बाटली खिडकीत ठेवली होती. तिच्या बुचाभोवती मुंग्या होत्या. खिडकीच्या फटीतून निघून, भिंतीवरून, थेट बाटलीच्या तोंडापर्यंत त्यांची ओळ लागली होती. बार्जच्या पाण्याने दोन दिवसांत पहिल्यांदाच एक रेघ उभी केली होती.

इबिफुरोने बूच काढलं, बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. गंज. चिखल. आणि त्याच्या मागे काहीतरी ओळखीचं. लहानपणीची लग्नं, बारशी, मयतं. मोठ्यांच्या हातात जिन आणि पोरांच्या हातात काळी बाटली.

“लेबारी, चाख.”

“मी लग्न झालेला माणूस आहे, मॅडम, मुलंबाळं आहेत मला.” तरी त्याने चाखलं. भुवया वर गेल्या. “माल्ट. गार केलं असतं तर विकलं गेलं असतं.”

पुढचं शोधायला फार कष्ट पडले नाहीत. तेल कंपनीत गावकऱ्यांशी संबंध राखायला एक माणूस नेमलेला होता, डीकन ओसारो. चर्चमधला वजनदार माणूस, आणि आपण केलेलं सत्कर्म फोनवर टाकल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. रविवारचा व्हिडिओ तिथेच होता. ‘जलाशीर्वाद सोहळा’.

व्हिडिओत टाकीचं झाकण उघडं होतं. डीकन ध्वनिक्षेपक धरून सांगत होते की परंपरेचा कंपनी आदर करते. परंपरेला जिन लागते हेही कंपनी जाणते. पण दारूबाबत कंपनीचं धोरण आहे आणि देवाचंही, म्हणून आज पूर्वजांना माल्ट. मग ओवुकोरी घराण्याचे मुख्य, आलाबो ओवुकोरी, पुढे झाले आणि त्यांनी एक बाटली टाकीत ओतली. टाळ्या. इलामांच्या आलाबोंनी ते बघितलं आणि दोन ओतल्या. तेव्हा ओवुकोरींनी माणूस पाठवून क्रेट मागवला. इलामांनी दोन क्रेट मागवले. बेरेमांचे आलाबो खुर्चीत डोळे मिटून बसले होते. त्यांना कोणीतरी कोपराने ढोसलं आणि मग बेरेमाही मागे राहिले नाहीत. कॅमेरा हलत होता, बँड वाजत होता, काळा फेस टाकीच्या तोंडावरून खाली ओघळत होता.

अगदी शेवटी, गर्दी पांगल्यावर, एक म्हातारी बाई आली. निळं कापड नेसलेली. तिने दोन बाटल्या सावकाश ओतल्या आणि शेवटचा थेंब पडावा म्हणून बुडावर चापट मारली.

“ही कोण?” लेबारीने विचारलं.

“माझी आई.”

लेबारीने आयुष्यात पहिल्यांदा थट्टा गिळली.

*

सिमेंट पुष्कळ काही सोसतं. खारट पाणी सोसतं, उष्णता सोसतं, ठेकेदार सोसतं. साखर सोसत नाही. थोड्याशा साखरेने ते आपलं गोठणं विसरून जातं आणि दिवसचे दिवस चिखल होऊन पडून राहतं. दुपारच्या बैठकीत इबिफुरोने हे सगळं सांगितलं. टेबलावर दोन्ही रेघा ठेवल्या, बाटली ठेवली. बाटलीबरोबर काही मुंग्याही बैठकीला आल्या.

“सिस्टर इबिफुरो,” डीकन ओसारो दुखावल्या आवाजात म्हणाले, “तो आशीर्वाद होता.”

“आशीर्वादात साखर होती, डीकन.”

“तुम्ही प्रार्थनेला दोष देताय.”

“प्रार्थना विरघळत नाही. माल्ट विरघळतं.”

“टाकी रिकामी करून दुसरं पाणी भरू या, अर्ध्या दिवसाचं काम,” ती पुढे म्हणाली, तसा डीकनने कपाळाला हात लावला. “तीन घराण्यांच्या मुख्यांनी स्वहस्ते ओतलेलं पाणी खाडीत सोडायचं? गाव पेटेल, सिस्टर! मी त्यांना काय सांगू? मुंग्या आल्या म्हणून?”

“मधला मार्ग काढा,” न्येचे म्हणाले. “उशिराचं औषध काढून टाका. घाईचं घाला.”

“किती?”

“पुरेसं.”

“ओगा, टाकीत किती साखर आहे हे कोणाला माहीत नाही. तळाशी किती, वर किती, तेही नाही. कमी पडलं तर चिखल, जास्त झालं तर नळीतच दगड.”

न्येचेंनी खुर्ची तिच्याकडे वळवली. “शनिवारी काय दिसणार आहे, मॅडम? वरचं झाकण. त्यावर हार. बाजूला मी. आत काय आहे ते बघायला कोण उतरणार आहे?”

इबिफुरोने टेबलावरच्या रेघांची गुंडाळी केली. तिच्या घरचा जो बघायला गेला होता, तो परत आला नव्हता.

“आणि तुमच्या सहीसाठी मी अडून बसलेलो नाही,” न्येचे प्रेमाने म्हणाले. “वॉरीला एक लॅब आहे. तिथे मशीन कमी आहेत, पण पेन पुष्कळ आहेत. उद्या संध्याकाळपर्यंत विचार करा.”

*

गुरुवारी ती धक्क्यावरून बोटीने तेमाकिरीला गेली. आई पुढच्या अंगणात खाडीतल्या शंखांची टोकं फोडत बसली होती. सूप करताना टोक फोडलं नाही तर आतला जीव चोखता येत नाही.

“आलीस? कापड शिवलंस का? की मागच्या वेळेसारखीच तिथल्या तिथे टाचून येणार?”

“आई, तू टाकीत माल्ट ओतलंस?”

“ओतलं. एक माझं, एक तुझ्या बापाच्या नावाचं. त्यांना कधी आवडलं नाही ते. पण तो डीकन जिन आणू देईना, मग काय, रिकाम्या हाताने जाऊ?”

“त्याने सिमेंट गोठत नाही.”

आईचा हात थांबला. “माझ्या दोन बाटल्यांनी?”

“सगळ्यांच्याच.”

“ओवुकोरींनी क्रेट ओतले. त्यांच्याने नसेल गोठत.”

“आई.”

“बरं, सगळ्यांच्या.” तिने फोडलेला शंख भांड्यात टाकला. “म्हणजे शनिवारी ते भोकात चिखल भरणार आणि त्यावर हार घालणार.”

“हो.”

“मग सांग जा त्यांना! तू मोठी मॅडम. मी आयुष्यभर सुका मासा विकून तुला शिकवलं, ते तू हे मला येऊन सांगावंस म्हणून?”

“सांगितलं. ऐकत नाहीत.”

“दाखवलंस काही?”

“रेघ दाखवली. मुंग्यासुद्धा दाखवल्या.”

“मुंग्या?” आई हसली नाही. “वेडे, मोठ्या माणसाला मुंग्या दाखवून काय होतंय? तो कशाला घाबरतो ते बघायचं.”

“कशाला घाबरतात?”

“आपल्याला,” आई म्हणाली. “पण आपण चिडलो तर. मेलो तर नाही.” तिने हात पुसले. “मला सांग, त्या व्हिडिओत पहिली बाटली कोणाची?”

“आलाबो ओवुकोरींची.”

“आणि आपले, बेरेमांचे?”

“खुर्चीत झोपले होते.”

“सगळ्यांनी पाहिलं आणि सगळे गप्प बसले. जेवण चांगलं होतं ना.” आई उठली, डोक्याचं फडकं सोडून पुन्हा घट्ट बांधलं. “बेरेमांच्या आधी ओवुकोरी ओततात! कुठे नेऊन ठेवलाय गाव!”

“आई, तुला खरंच राग आलाय?”

“येतोय,” आई म्हणाली. “थोडं चालू दे.”

बेरेमांच्या मोठ्या अंगणाकडे जायला तिने जवळची वाट सोडली आणि बाजारातून जाणारी धरली. वाटेत जी जी भेटली तिला थांबवून, जे मोठ्याने बोलायचं नसतं ते तिने मोठ्याने सांगितलं. या बेटाच्या चिखलात पहिला पाय बेरेमांचा पडला, आणि पूर्वजांना पहिली बाटली मात्र दुसऱ्याच्या हातची! चौथ्या बाईपर्यंत तिला खरोखरच राग आला होता. इबिफुरो मागून चालत होती. तिला वाटलं, रेघ उठते ती अशी: बराच वेळ काही नाही, आणि मग एकदम.

*

त्यानंतर:

बेरेमांचे आलाबो म्हणाले की ते झोपले नव्हते, प्रार्थना करत होते.

आलाबो ओवुकोरी म्हणाले की घोरत प्रार्थना करणारा माणूस त्यांनी प्रथमच पाहिला.

इलामांनी जाहीर केलं की त्यांचं कोणाशी भांडण नाही, पण दुसरा क्रमांक आपला.

गावच्या तरुण मंडळाने बार्जवर चढायच्या फळीवर आडवं बाकडं टाकलं आणि त्यावर बसून सोंगट्या मांडल्या.

डीकन ओसारो धापा टाकत आले. “बंधूंनो, ते पाणी आता पवित्र झालं आहे!”

“पवित्र कसं?” इबिफुरोच्या आईने विचारलं. “उलट्या क्रमाने ओतलेलं?”

यावर बायबलमध्ये काही सापडतं का ते डीकन आठवू लागले.

“आणि आणखी एक,” आई म्हणाली. इबिफुरो तिच्या मागेच उभी होती, पण कुजबुजायची वेळच आली नाही. “आमच्या आजोबांनी कधी टाकीत ओतलं होतं? पूर्वज काय टाकीत राहतात? ते जमिनीत आहेत. ओतायचं ते जमिनीवर.”

हे तिन्ही आलाबोंना एकदम पटलं. तिघांना एकाच वेळी काही पटल्याची घटना गावात जुन्या माणसांनाही आठवेना. “आणि जमिनीवर ओतायचं तर जिन,” आलाबो ओवुकोरी म्हणाले. “माल्ट जमिनीवर ओतलं तर मुंग्या येतात.”

इंजिनिअर डॉक्टर न्येचे वेगवान बोटीतून उतरले तेव्हा त्यांनी सुटावर नारिंगी जॅकेट घातलं होतं आणि टायची गाठ कानाखाली गेली होती. त्यांनी बाकडं बघितलं, सोंगट्या बघितल्या, पलीकडे मंडपाचे बांबू उतरवत असलेली माणसं थबकलेली बघितली. शनिवार त्यांच्या डोळ्यांदेखत हलू लागला होता. एवढी ठाम आणि चटकन निर्णय घेणारी व्यक्ती आपल्या साहेबांच्या आत आहे, हे इबिफुरोला माहीत नव्हतं.

“टाकी रिकामी करा,” ते म्हणाले. “धुवा. नवीन पाणी भरा. गावाच्या भावनांशी तडजोड होणार नाही!”

टाळ्या पडल्या. टाकीची तोटी उघडली आणि माल्टचं पाणी खाडीत गेलं. त्या आठवड्यात मासे गोड लागले, असं सांगणारी माणसं अजून आहेत.

न्येचे इबिफुरोकडे वळले. “मॅडम, नवीन पाण्याची चाचणी उद्या सकाळी करून घ्याल ना? कितीही घाई असली तरी आपण चाचणीशिवाय पुढे जात नाही.”

“नाही जात, ओगा,” ती म्हणाली.

*

शुक्रवारी रेघ झोपली होती. झोपलीच होती. लेबारीने केळी आणि मासा आणून ठेवला आणि दोघांनीही हात लावला नाही. आईने सगळं गाव पेटवलं आणि दोष पाण्याचा नसलाच तर, असं इबिफुरोच्या मनात येऊन गेलं. ते तिने मशीनला ऐकू जाईल अशा भीतीने पूर्ण होऊ दिलं नाही.

मग रेघेने डोकं वर केलं. जराशी चढली, थांबली, आणि उभी झाली.

“सासूबाईंचं सूप दाटलं,” लेबारी हळूच म्हणाला.

इबिफुरोने अहवालावर सही केली. त्या अरुंद रकान्यात तिने बारीक अक्षरात लिहिलं: ‘तेमाकिरी बार्जच्या टाकीतलं, नवीन भरलेलं.’ सगळं मावलं. त्याच दुपारी सिमेंट विहिरीत गेलं.

*

शनिवारी निळ्या कपड्यांनी खाडी भरली. विहिरीच्या तोंडावर झाकण, झाकणावर हार, बाजूला न्येचे. जिन जमिनीवर ओतली गेली: बेरेमा, इलामा आणि मग ओवुकोरी, ज्यांनी मोठ्या मनाने शेवटचा नंबर घेतला आणि सर्वांत मोठी बाटली आणली. ओतणं चालू असताना डीकन ओसारो डोळे मिटून प्रार्थना करत होते, त्यामुळे कंपनीच्या धोरणाचा भंग कोणी पाहिला नाही.

खात्यातले मोठे साहेब परंपरा आणि तंत्रज्ञान यांच्या मिलाफावर बोलत असताना इबिफुरोचा फोन थरथरला. आदल्या दिवशीच्याच राबड्याचा ठोकळा लेबारीने प्रयोगशाळेत दाबयंत्राखाली घातला होता.

“फुटला?” तिने पदराआड विचारलं.

“फुटला, पण आधी मशीन रडलं,” लेबारी म्हणाला. “दगड आहे, मॅडम. आईला सांगा.”

तिने सांगितलं. आईने मान हलवली आणि नजर झाकणावरून काढली नाही.

पुढे न्येचेंना सांस्कृतिक संवेदनशीलतेबद्दल मानपत्र मिळालं आणि दारावरची पाटी पुन्हा वाढली. पाणी का बदललं, याची नोंद कंपनीत ‘ज्येष्ठताक्रमाच्या कारणास्तव’ अशी आहे. साखरेचा उल्लेख कुठेही नाही. आई घमेल्यात शंख धुते. फोटोतली सात नंबर आता निम्मी पुसली गेली आहे.

खाडीतले बुडबुडे आधी विरळ झाले, मग कुठे दिसेनात. आईने पुष्कळ दिवस वाट पाहिली. मग एका सकाळी इबिफुरो घरी आलेली असताना तिने चूल उचलली आणि घराच्या मागे नेऊन मांडली. लाकडं रचली. काडेपेटी हातात घेऊन बसली, आणि बसूनच राहिली.

“तू ओढ,” ती म्हणाली.

इबिफुरोने काडी ओढली. लाकडं ओली होती. दोन काड्या वाया गेल्या. तिसरीला पेटलं. भांडं चढवलं, पाणी तापलं, शंख आत गेले. वारा खाडीकडून येत होता.

इबिफुरोचे वडील ते बुडबुडे कसले आहेत हे बघायला होडीतून गेले तेव्हा अंधार पडला होता, आणि त्यांच्या हातात कंदील होता.